दिल्ली दाखवायची तर टूर कंपनीबरोबर की आपलं आपण?

कोल्हापुरातून सहकुटुंब दिल्लीला निघायचं, तर एक तर टूर कंपनीची सीट धरायची, नाहीतर मिरजेहून गोवा एक्स्प्रेस पकडून आपलं आपण हिंडायचं. आम्ही दोन्ही करून पाहिलंय.

टूरचं सुख खरंच मोठं आहे. मराठी बोलणारा मॅनेजर, रात्री गरम वरणभात, बॅगा खोलीवर पोचलेल्या. आईंचे गुडघे दुखतात. बस पार्किंगपर्यंत जाते म्हणून त्यांना फार चालावं लागलं नाही. कुतुबमिनारला तर हे विशेष जाणवतं, कारण त्या नावाचं मेट्रो स्टेशन मिनारपासून बरंच लांब आहे आणि तिथून रिक्षा करावीच लागते.

पण टूरमधली एक गोष्ट मला फार खुपली, ती म्हणजे घड्याळ. राष्ट्रीय संग्रहालयात आम्हाला मिळाला जेमतेम पाऊण तास. मोहेंजोदडोची ती ब्राँझची नर्तकी जेमतेम साडेदहा सेंटीमीटर उंच आहे. एक हात कमरेवर, दुसरा मनगटापासून खांद्यापर्यंत बांगड्यांनी भरलेला, मान किंचित मागे. कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात, तिथल्याच ब्रह्मपुरीला सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटीशी मूर्ती पाहिलेली असल्यामुळे एवढीशी मूर्ती कशी बघायची हे माझ्या मुलीला ठाऊक होतं. ती काचेला नाक लावून बांगड्या मोजायला लागली आणि मॅनेजरचा फोन आला, "चला, बस सुटतेय." मोजणी अर्धीच राहिली. लाल किल्ल्यातही तेच. तपासणीच्या रांगेतच निम्मा वेळ गेला आणि दिवाण-ए-खास, म्हणजे बादशहाच्या खास दरबाराच्या दालनासमोर फोटो काढून परतलो.

पुढे आपलं आपण गेलो, तेव्हा लाल किल्ला स्टेशनला उतरलो आणि दिवाण-ए-खाससमोर निवांत थांबलो. 1760 साली, पानिपताच्या आधी, सदाशिवरावभाऊंनी फौजेच्या खर्चासाठी याच छताची चांदी काढून नाणी पाडली, हे मुलांना तिथेच सांगितलं. दोघंही माना वर करून छताकडे बघत राहिली आणि मग त्यांचे प्रश्न संपेनात. मला दिल्ली दाखवायची होती ती अशी.

त्रास याही वाटेत आहेच. मेट्रोत प्रत्येक स्टेशनवर तपासणी, संध्याकाळी गर्दी आणि जेवणाची व्यवस्था आपली आपण. मुलं राजमा-चावलला कंटाळली, तेव्हा महाराष्ट्र सदनाच्या कँटीनचा आधार झाला. खर्चाचं म्हणाल तर आम्हाला तरी आपलं आपण जाणं स्वस्त पडलं. त्यात पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंना पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नसतं.

सोबत वयस्कर मंडळी जास्त असतील किंवा हिंदीत घासाघीस करायचा संकोच वाटत असेल, तर टूरच बरी. त्यात कमीपणा काही नाही. पण मुलं प्रश्न विचारायच्या वयाची असतील, तर मी मेट्रोच म्हणेन. दिवसाला दोनच ठिकाणं ठेवा. नाताळची सुट्टी शक्यतो टाळा, धुक्यात गाड्या रखडतात. आणि सोमवार प्रवासाला ठेवा, कारण लाल किल्ला आणि राष्ट्रीय संग्रहालय दोन्ही त्या दिवशी बंद असतात.