ओल्ड स्कूल रूनस्केप : बदल करायच्या आधी विचारणारा गेम

दीड वर्ष झालं हा ऑनलाइन गेम खेळतोय, मेंबरशिपचे पैसे स्वतःच्या खिशातून भरलेत, तेव्हा दोन शब्द लिहायचा हक्क आहे. ग्राफिक्स बघून माझी बहीण म्हणाली "दादा हे काय जुन्या नोकियावरचं काढलंस का", आणि तिचं काही चुकलं नाही. झाडं तोडा, मासे पकडा, लेव्हल वाढवा, परत झाडं तोडा. लोकलमध्ये उभ्याने एका हाताने होतं म्हणून मी सुरू केला. पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, आपल्याकडून बेकार आहे, बॉसशी, म्हणजे मोठ्या राक्षसांशी, लढताना रडवतो, ते आधीच सांगून ठेवतो.

पण मी टिकून राहिलो ते मतदानामुळे. खरंच, गेममध्ये बँकेजवळ पोलिंग बूथ आहे, बोटाला शाई लावत नाहीत एवढंच. नवीन काही आणायचं तर केंब्रिजची जॅगेक्स कंपनी आधी डिझाईन समजावून सांगते, मग मेंबर लोक हो, नाही किंवा स्किप करतात. आधी ७५ टक्के हो लागायचे, २०२२ पासून ७० लागतात. खाली राहिलं की विषय संपला.

ही अक्कल त्यांना फटका खाऊन आलीय बरं का. नोव्हेंबर २०१२ मध्ये मूळ रूनस्केपची लढायची पद्धतच त्यांनी उलटीपालटी केली, साधं क्लिक करून मारामारी व्हायची तिथे बटणांची रांग आली, आणि जुने खेळाडू भडकून निघून गेले. मग फेब्रुवारी २०१३ मध्ये कंपनीने विचारलं की आमच्याकडे ऑगस्ट २००७ चा बॅकअप आहे, तोच चालू करू का. साडेचार लाखांच्या आसपास मतं पडली आणि त्याच महिन्यात जुना गेम परत आला, तोच हा. म्हणजे याचा जन्मच तक्रारीतून झालाय.

आणि नाही म्हटलं की खरंच नाही असतं. वॉर्डिंग नावाचं नवं स्किल (झाडं तोडण्यासारखं लेव्हल वाढवायचं काम) २०१९ ला आणायचं होतं, बरंच काम करून समोर ठेवलं, बहुमत बाजूने होतं तरी ७५ गाठले नाहीत म्हणून गेलं बासनात. सेलिंग हे बोटी चालवायचं स्किल तर २०१५ मध्ये मतदानात पडलं, २०२३ मध्ये नव्या ७० च्या नियमाने जेमतेम पास झालं, पुढे २०२५ मध्ये अल्फा, म्हणजे कच्ची आवृत्ती, खेळाडूंसाठी उघडून बोटी चालवून बघायला दिल्या आणि नोव्हेंबरमध्ये खरं आलं. दहा वर्षं! आपल्याकडचा पूलसुद्धा लवकर होतो (बरं, नाही होत).

मी आधी एक मोबाईल रेसिंग गेम खेळायचो, नाव नाही घेत. एका रात्रीत स्टिअरिंगच बदललं, सकाळी उठतो तर माझी सहा महिन्यांची सवय मातीत. सपोर्टला लिहिलं तर "आपल्या फीडबॅकबद्दल धन्यवाद", परत लिहिलं तर तेच, अगदी स्वल्पविरामासकट तेच.

आता तक्रार. मत म्हणजे फक्त हो, नाही किंवा स्किप, का नाही ते बूथला कळत नाही. एखाद्याला कल्पना आवडते पण बक्षीस जास्त वाटतं, तोही नाहीच दाबतो. आणि वाइल्डर्नेस, म्हणजे जिथे दुसरा खेळाडू येऊन तुम्हाला मारून सामान लुटतो, त्याचा प्रश्न आला की तिथे कधी पाऊलही न ठेवणारे मुद्दाम नाही दाबतात असं म्हणतात. खोटं कशाला बोलू, मीही दाबलंय. मेलो होतो त्या दिवशी. त्यामुळे काही दुरुस्त्या कंपनी मत न घेता करते, त्यावर लोक ओरडतात, पण माझ्यासारख्यांच्या हातात सगळं दिलं तर वाइल्डर्नेस कधीच सुधारणार नाही हेही खरंय.

दुसरं म्हणजे पैशाचा विषय आला की ही लोकशाही जरा गडबडते. जानेवारी २०२५ मध्ये सर्व्हे काढला, त्यात मेंबरशिपचे वेगवेगळे प्लॅन आणि स्वस्तातल्यात जाहिराती अशी कल्पना होती. पैसे भरून जाहिराती बघायच्या? लोक पेटले, धडाधड मेंबरशिप रद्द करायला लागले, मग कंपनीने माफी मागितली. तलवारीची ताकद दोनने वाढवायला मत घेता आणि हे असलं चाचपून बघता, कमाल आहे.

पाचपैकी चार. एक कापला त्या सर्व्हेसाठी, पिंगचा वेगळा कापत नाही, ते माझ्या वायफायचंही असेल. नवीन असाल तर आधी फुकटवाल्या भागात महिनाभर झाडं तोडून बघा, कंटाळा आला नाही तरच मेंबरशिप घ्या.