जमैकाच्या गुलाम-नोंदवह्या: बरेच महिने वापरल्यानंतरचा अनुभव

माझ्या नवऱ्याचं घराणं मूळचं जमैकातल्या क्लॅरेंडनचं. सासूबाई १९५० च्या दशकात, लहानपणीच बर्मिंगहॅमला आल्या. त्यांच्या माहेरची वंशावळ लावायची म्हणून मी बरेच महिने या नोंदवह्या चाळतेय. आपली बरीच मुलं-मुली आता अशा घरांत नांदतात, त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहितेय.

या नोंदी मालमत्तेच्या आहेत, हे आधी पक्कं लक्षात ठेवा. १८०७ मध्ये ब्रिटनने गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली. तरीही चोरून माणसं आणली जातायत का, हे कळावं म्हणून मालकांकडून याद्या मागवल्या. जमैकात पहिली यादी १८१७ ची, मग दर तीन वर्षांनी, १८३२ पर्यंत. लंडनला गेलेल्या प्रती तिथल्याच क्यू भागातल्या नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये 'टी ७१' या क्रमांकाखाली आहेत, आणि त्यांचे स्कॅन घरबसल्या बघता येतात. पण यादी मालकाच्या नावाने लावलेली असते. गुलामगिरीतल्या माणसाला बहुतेकदा एकच नाव, आडनाव नाहीच. त्यामुळे थेट पूर्वजाचं नाव टाकून शोधलं तर काही हाती लागत नाही. आधी मळा, म्हणजे तो माणूस राबत होता ती मालकाची शेती शोधायची, मग माणूस.

मळ्यापर्यंत पोहोचायला आजपासून मागे जावं लागतं. जमैकात सरकारी जन्मनोंदणी १८७८ पासून आहे. त्याआधी चर्चमधले बाप्तिस्मे. हे दोन्ही फॅमिलीसर्च या वंशावळीच्या वेबसाइटवर फुकट मिळतात. अँग्लिकन चर्चच्या नोंदी भरपूर आहेत. बॅप्टिस्टांच्या मात्र विखुरलेल्या, आणि सासूबाईंकडचे निम्मे लोक बॅप्टिस्ट! १८३० च्या दशकातल्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत राहण्याचं ठिकाण म्हणून पुष्कळदा मळ्याचं नाव असतं. आम्हाला दुवा तिथेच मिळाला.

मळा कळल्यावर युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनचा 'लेगसीज ऑफ ब्रिटिश स्लेव्हरी' हा डेटाबेस उघडा. तोही फुकट, आणि अतिशय काळजीपूर्वक केलेला. गुलामगिरी संपवताना सरकारने भरपाई म्हणून २ कोटी पौंड मालकांना दिले. मुक्त झालेल्यांना एक पेनीही नाही. कोणत्या मळ्यावर किती माणसं होती, त्यांच्यापोटी मालकाने किती पैसे घेतले, सगळं इथे दिसतं. त्यासाठी काढलेलं कर्ज २०१५ मध्ये फिटलं असं ब्रिटिश अर्थखात्यानेच सांगितलंय. म्हणजे माझ्या पगारातून कापलेल्या करातलाही थोडा वाटा त्यात गेला. हे कळल्यावर मला फार राग आला, अजूनही येतो.

मालकाचं नाव हाती आलं की पुन्हा नोंदवहीकडे. नाव, रंग, वय, आफ्रिकन की तिथेच जन्मलेला, आणि शेवटी शेरा. खरं सोनं शेऱ्यात आहे. तिथे कधी आईचं नाव असतं, कधी बाप्तिस्म्यानंतरचं नवं नाव. बाप कुठेच नाही. फिब्बा, कजो, क्वाशी अशी नावं दिसली तर ती पश्चिम आफ्रिकेतल्या अकान लोकांची, जन्मवारावरून ठेवलेली नावं आहेत. एका मळ्यावर तीन फिब्बा असू शकतात, म्हणून प्रत्येक यादीत वय जुळवत जा. १८१७ च्या यादीत आम्हाला एक बाई सापडली, 'आफ्रिकन' लिहिलेली. मळा, मुलीचं नाव आणि वय जुळतंय. ती आमचीच असावी, पण पक्का पुरावा नाही म्हणून मी अजून तिला वंशावळीत पक्क्या शाईने लिहिलेलं नाही. सासूबाईंनी मात्र ते पान छापून घेतलंय.

पैसे भरून वापरायच्या एका वेबसाइटवर नावं इतकी चुकीची वाचलेली निघाली, की मी आता उतरवलेल्या मजकुरावर विसंबत नाही. मूळ स्कॅनच वाचते. अक्षर लागायला वेळ जातो, पण लागतं.

त्रिनिदादचे पूर्वज असतील तर तुम्ही सुदैवी. तिथल्या १८१३ च्या नोंदीत उंची, काम, अंगावरच्या खुणा आणि नातीसुद्धा आहेत. आमचं पुढचं काम किंगस्टनच्या नॅशनल लायब्ररीतले जुन्या मळ्यांचे नकाशे बघण्याचं. क्लॅरेंडनच्या त्या मळ्याचा नकाशा तिथे असेल तर मजुरांची वस्ती नेमकी कुठे होती, तेही कळेल.