गाडीच्या चावीतला सेल घरीच बदलला: अकरा महिने, दोन सेल

गेल्या दसऱ्याला गाडीला हार घालून झाला, चाकांखाली लिंबं ठेवून झाली आणि नवऱ्याने ऐटीत चावीचं बटण दाबलं, तर गाडी ढिम्म. चार पावलं पुढे गेला, पुन्हा दाबलं. तिसऱ्या खेपेला कुठे इंडिकेटर लुकलुकले. सासूबाई म्हणाल्या, "अरे, पूजेआधी सांगायचं होतं, चावीलाही हळदकुंकू वाहिलं असतं."

खरं तर चावी महिनाभर सांगत होती. आधी आमच्या मुलुंडच्या घरातून, दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून गाडी लॉक व्हायची. मग खाली जिन्यापर्यंत जावं लागायला लागलं, मग गाडीला जवळजवळ टेकून. डॅशबोर्डवर चावीचं चित्रही यायचं. आम्ही दोघांनी "सर्व्हिसिंगला सांगू" म्हणून ते मनावर घेतलं नाही. गाडी २०२१ च्या जानेवारीतली, पुश-स्टार्टवाली, म्हणजे चावी न फिरवता बटण दाबून सुरू होणारी. म्हणजे कंपनीतून आलेला सेल पावणेचार वर्षं चालला, तक्रार कसली करणार.

सर्व्हिस सेंटरला फोन केला. सेलचे साडेतीनशे, आणि "मॅडम, प्रोग्रामिंग करावं लागलं तर त्याचे वेगळे." हे प्रोग्रामिंग ऐकूनच बरेच जण घाबरतात. मीही घाबरले होते. सेल काढला की चावी गाडीला विसरते, असं वाटतं. तसं काही होत नाही. चावीची ओळख आतल्या चिपमध्ये कायमची लिहिलेली असते, वीज गेली तरी ती पुसली जात नाही. आम्ही दोनदा सेल काढला, एकदा तर चावी रात्रभर उघडी राहिली. सकाळी सेल घातला आणि पहिल्याच दाबाला गाडी उघडली.

उघडण्याचं काम पाच मिनिटांचं, पण पहिल्या वेळी नवऱ्याने सुरी घेतली. चावीवर तो ओरखडा अजून आहे. आमच्या चावीत बाजूची छोटी कळ सरकवली की आतली लोखंडी चावी बाहेर येते. ती काढली की तिथे एक खाच दिसते. सगळं गुपित त्या खाचेत आहे. दुसऱ्या वेळी मी जुन्या, मुदत संपलेल्या डेबिट कार्डाचा कोपरा त्यात घालून हळू पिळला. टक् आवाज झाला, दोन भाग वेगळे. एक ओरखडा नाही. वर्तमानपत्र पसरून त्यावर करा, कारण आतलं काहीही उडू शकतं. सेल उचलायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा. प्लसची बाजू वर होती की खाली, हे दोन मिनिटांनी कुणालाच आठवत नाही, आणि मग घरात वाद होतो.

आत सेलवर आकडा कोरलेला असतो. आमचा सीआर २०३२. या आकड्यात गूढ काही नाही, २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी. सीआर २०२५ घेतला तर व्यास तोच, पण जाडी अडीच मिलिमीटर. स्टेशनबाहेरचा घड्याळवाला मला म्हणाला होता, "मॅडम, दोनों चलता है." नाही चालत. व्होल्टेज दोन्हीचं तीनच, म्हणून सुरुवातीला चालल्यासारखा वाटेल, पण आत सैल बसतो. चावी हातातून पडली की संपर्क तुटतो, शिवाय त्यात वीजही कमी मावते. फॉइलची घडी घालून जागा भरण्याचे सल्ले मिळतात, त्यांच्या नादी लागू नका. काही गाड्यांना १६२० किंवा १६१६ लागतो, तेव्हा आधी उघडून बघा, मग दुकानात जा.

तर पहिला सेल मी त्याच घड्याळवाल्याकडून घेतला. पाच सेलची पट्टी, शंभर रुपये. एकाला वीस! साडेतीनशेच्या पुढे मला स्वतःचा इतका अभिमान वाटला की ऑफिसात दोघींना सांगितलं.

अभिमान अकरा आठवडे टिकला.

डिसेंबरच्या शेवटी महाबळेश्वरला गेलो होतो. सकाळी सहाला सूर्योदय बघायला निघालो, तर चावी मेलेली. एकदम. मुंबईहून निघताना ठीक होती. लोखंडी चावी काढली आणि ड्रायव्हरच्या दाराच्या हँडलमधल्या भोकात घातली. चार वर्षांत कधी न वापरलेलं कुलूप, त्यामुळे फिरता फिरेना. फिरलं, दार उघडलं आणि गाडी बोंबलायला लागली. गाडी रिमोटने लॉक केलेली आणि दार उघडलं नुसत्या चावीने, म्हणजे तिच्या हिशेबाने आम्ही चोर. हॉटेलच्या सगळ्या खोल्यांतले दिवे एकेक करून लागले. मुलगा मागे वळून दुसऱ्याच कुटुंबातला असल्यासारखा उभा.

तेवढ्यात नवऱ्याला मॅन्युअलमधलं आठवलं, हे त्याच्या बाजूने नोंदवते. ब्रेक दाबून धरला, चावी थेट स्टार्ट बटणाला टेकवली आणि चावीनेच बटण दाबलं. इंजिन सुरू, भोंगा बंद. चावीतल्या ओळखीच्या चिपला सेल लागतच नाही. अगदी जवळ नेली की गाडीच तिला हवी तेवढी ऊर्जा देते. प्रत्येक गाडीत जागा वेगळी असते. कुठे बटण, कुठे स्टिअरिंगजवळ, कुठे कपहोल्डर. तुमच्या गाडीत कुठे, ते आज घरी बसून बघून ठेवा. पार्किंगच्या दुसऱ्या तळघरात नेटवर्क नसताना शोधायची ती गोष्ट नाही.

गंमत पुढे आहे. दुपारी परत येताना पनवेलला चहाला थांबलो, तर तीच चावी पुन्हा चालायला लागली. घरी आल्यावर शेजारच्या काकांना सांगितलं. ते रेल्वेच्या इलेक्ट्रिकल विभागातून निवृत्त झालेत. ते हसले आणि व्होल्टेज मोजायचा मल्टिमीटर घेऊन आले. पट्टीतला न वापरलेला सेल मोजला, ३.१ व्होल्ट. मी म्हटलं, छान आहे की! मग त्यांनी त्यावर एक छोटा रेझिस्टर, म्हणजे सेलकडून करंट घेणारा सुटा भाग, लावला आणि आकडा २.४ वर घसरला. "नुसतं मोजून कळत नाही गं. काम दिल्यावर बघायचं." बटण दाबलं की चावी क्षणभर बऱ्यापैकी करंट मागते. सेल कमअस्सल किंवा जुना असेल तर तेवढ्यातच व्होल्टेज पडतं. थंडीत सेलचा आतला विरोध आणखी वाढतो, म्हणून महाबळेश्वरला मेला आणि पनवेलच्या उन्हात जिवंत झाला.

दुसरा सेल जानेवारीत लॅमिंग्टन रोडवरून आणला. कंपनीचा, एकेकटा पॅक केलेला, मागे मुदत छापलेली, सत्तर रुपये. पाकीट कात्रीशिवाय उघडत नाही, ते लहान मुलांसाठी मुद्दाम तसं केलेलं असतं. या सेलवर कडू लेपही होता, पोराने तोंडात घातलाच तर थुंकावा म्हणून. त्या लेपामुळे कधीकधी संपर्क नीट होत नाही. माझाही पहिल्यांदा चालला नाही. कोरड्या कापडाने कडा पुसली आणि चालला. बोटं मात्र कोरडी ठेवा आणि सेल कडेनेच धरा. काकांच्या मीटरवर हाच सेल कामाला लावल्यावर ३.० वर थांबला.

तेव्हापासून आठ महिने झाले, तक्रार नाही. खिडकीतून गाडी पुन्हा लॉक होते. पण सगळं श्रेय सत्तर रुपयांना देणं बरोबर नाही, कारण मी त्याच सुमारास आणखी एक बदल केला. आमची चावी टीव्हीखालच्या टोपलीत पडायची, शेजारी तीन मोबाइलचे चार्जर. पुश-स्टार्टची चावी आत सतत कान लावून बसलेली असते, गाडी हाक मारते का म्हणून. टीव्ही, चार्जर, इंडक्शनसारख्या वस्तूंच्या लहरींनी ती उगाच जागी होते आणि सेल खाते. हे मॅन्युअलमध्येच लिहिलं होतं, मी चार वर्षांनी वाचलं. आता चावी दाराजवळच्या खुंटीला असते. वीस रुपयांच्या सेलला त्या टोपलीत मी न्याय दिला नाही असंही असेल, पण २.४ मी डोळ्यांनी पाहिलंय.

याच कारणाने कपाटातली दुसरी चावीही तपासा. आमची कधीच न वापरलेली, तरी तिचा सेल गेलेला. ती पडल्या पडल्याही ऐकतच असते.

जुलैत भांडुपला पेट्रोल पंपावर चावी हातातून सुटून थेट डबक्यात पडली. उचलली, पुसली, घरी येऊन उघडली. आत थेंब नाही. आतल्या कडेने एक बारीक रबरी पट्टी असते, ती बंद करताना खाचेत सपाट बसवायची, एवढंच. दसऱ्याला नवऱ्याने ती तिरकी बसवली होती, हे जानेवारीत उघडल्यावर दिसलं.

पट्टीतले उरलेले चार सेल मी फेकून दिले का, असं नणंदेने विचारलं. तिची मुलगी दोन वर्षांची आहे, म्हणून हा प्रश्न. असा सेल गिळला तर अन्ननलिकेत दोन तासांत जखम करू शकतो, "शीतून पडेल" म्हणून वाट बघायची नाही, तडक हॉस्पिटल. त्या चारही सेलना दोन्ही बाजूंनी सेलोटेप लावून मी सोसायटीच्या ई-कचऱ्याच्या डब्यात टाकले. गणपतीत ती आली तेव्हा तिने तेच आधी विचारलं, मोदक नंतर.

चावीच्या आतल्या बाजूला आता पेनाने "जाने. २०२५" लिहून ठेवलंय. दुसऱ्या चावीतही.