वाचनकक्षातली रिकामी जागा मोबाइलवर : काही महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेल्या पावसाळ्यात वाचनकक्षाच्या छताला कॅमेरे बसले आणि कुठल्या मजल्यावर कुठली जागा रिकामी आहे, ते मोबाइलवर दिसायला लागलं. हिरवं म्हणजे रिकामी, लाल म्हणजे कुणीतरी बसलंय, पिवळं म्हणजे माणूस नाही पण सामान आहे. सत्र परीक्षेची गर्दी आणि राज्यसेवेवाल्यांची गर्दी, दोन्हींत मी हे वापरलंय. ही सोय टिकायलाच हवी, आणि तिचा जीव त्या पिवळ्या रंगात आहे.

माणूस ओळखणं हे आता अवघड काम राहिलेलं नाही. २०१५ साली ‘योलो’ ही पद्धत आली. अख्खं चित्र एकदाच पाहायचं आणि त्यातल्या सगळ्या वस्तू एका दमात शोधायच्या, अशी तिची रीत. त्यामुळे छोट्या, स्वस्त संगणकावरही ती चालते. कॅमेऱ्याच्या चित्रात प्रत्येक जागेची चौकट आखून ठेवलेली असते. चौकटीत माणूस सापडला की जागा लाल. इथे चौकट खुर्चीची न घेता टेबलाच्या भागाची घेतली, हे फार बरं केलं. खुर्च्या आपण दिवसभर इकडून तिकडे ओढत असतो.

खरी अडचण धरलेल्या जागांची. एसटीत खिडकीतून रुमाल टाकावा तशी सकाळी आठला सॅक टाकून मंडळी अकराला येतात. मग हॉल भरलेला आणि माणसं मोजकीच. नुसती माणसं मोजणारी यंत्रणा अशी जागा रिकामी दाखवते, आणि आपण तीन मजले चढून बॅगेसमोर उभे राहतो.

सामान ओळखण्यात सुरुवातीला बरीच गडबड होती. त्यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. चित्रातल्या वस्तू ओळखणारी अशी मॉडेलं, म्हणजे शिकवून तयार केलेले संगणक-प्रोग्रॅम, बहुतेक वेळा ‘कोको’ या चित्रसंग्रहावर शिकवलेली असतात. त्यात वस्तूंचे ८० प्रकार आहेत : सॅक, हँडबॅग, बाटली, पुस्तक, लॅपटॉप, मोबाइल, छत्रीसुद्धा. हेल्मेट नाही. जेवणाचा डबा नाही. आणि आमच्याकडे निम्म्या जागा हेल्मेट ठेवून धरलेल्या! ग्रंथालयाने मग आपल्याच टेबलांचे फोटो काढून मॉडेलला पुन्हा शिकवलं. आता हेल्मेट आणि डबा व्यवस्थित पिवळे दिसतात. खुर्चीच्या पाठीवर टाकलेला स्टोल किंवा जर्किन मात्र संध्याकाळच्या अंधुक उजेडात अजूनही माणूस ठरतो.

पंख्यांचंही असंच झालं. लांब दांडीचे जुने पंखे कॅमेऱ्याच्या आड यायचे, पातं फिरलं की माणूस क्षणभर गायब, आणि नकाशावर तीच जागा लाल-हिरवी-लाल अशी लुकलुकत राहायची. आता रंग बदलण्याआधी काही मिनिटं सलग तेच दिसावं लागतं. नकाशा थोडा मागे राहतो, पण विश्वास ठेवण्याजोगा झालाय. खांबामागच्या जागा राखाडी दाखवतात, म्हणजे ‘इथलं दिसत नाही’. अंदाजाने रंग भरण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं.

पिवळं अर्ध्या तासाच्या वर राहिलं की काउंटरवरच्या मामांना कळतं. ते येतात, वेळ लिहिलेली चिठ्ठी सामानावर ठेवतात आणि पुन्हा पंधरा मिनिटांनी येऊन सामान काउंटरवर नेतात. जेवणाच्या वेळेत सवलत असते. निर्णय माणसाच्या हातात ठेवलाय, म्हणून भांडणं होत नाहीत. कोण डबा खायला गेलंय आणि कोण खोलीवर झोपायला, ते मामांना बरोबर ठाऊक असतं.

एक तक्रार मात्र मनापासून आहे. कॅमेरे आधी लागले, सूचना कित्येक आठवड्यांनी लागली, तीही आधी फक्त इंग्रजीत. लंडनच्या ‘डेली टेलिग्राफ’ या वृत्तपत्राच्या कचेरीत जानेवारी २०१६ मध्ये टेबलांखाली हालचाल टिपणारी यंत्रं बसवली होती, कर्मचारी एवढे संतापले की त्याच दिवशी ती काढावी लागली. त्यांत तर कॅमेराही नव्हता. आमच्याकडे चित्र छताला लावलेल्या छोट्या संगणकाच्या डबीतच तपासलं जातं, बाहेर फक्त जागेचा क्रमांक आणि रंग जातो, चित्र साठवत नाहीत. ही चांगली रचना आहे. पण ती पहिल्याच दिवशी दारावर मराठीत लिहिलेली असती, तर मुलींच्या मनातली धास्ती तेव्हाच गेली असती. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही संमती मागताना काय माहिती घेणार आणि कशासाठी, ते साध्या भाषेत सांगा, असंच म्हणतो.

एक फायदा आधी कुणाच्या ध्यानात नव्हता. कुठली टेबलं आधी भरतात ते नकाशावर रोज दिसायला लागलं : प्लगजवळची. मग ग्रंथालयाने भिंतीपासून दूरच्या टेबलांनाही प्लग दिले, आणि मधला ओसाड भाग भरायला लागला.

आता नियतकालिक विभागातही कॅमेरे लावणार आहेत. तिथे मांडण्या उंच आहेत, त्यामुळे कॅमेरा तिरका न लावता टेबलांच्या बरोबर वर लावा. आणि सूचना या वेळी आधी लावा.