डेस्कवरच्या मुलीला पाच स्टार, हॉस्पिटलला तीन

सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन पुण्यातल्या एका मोठ्या खासगी हॉस्पिटलमध्ये केलं, नाव टाकत नाही. ऑपरेशन, डॉक्टर, फिजिओ, काही तक्रार नाही, दुसऱ्या दिवशी वॉकर धरून चालल्या, विषय संपला. मला लिहायचंय ते पेशंट केअर कोऑर्डिनेटरबद्दल, म्हणजे ॲडमिशनपासून डिस्चार्जपर्यंत पेशंट, डॉक्टर, बिलिंग आणि विमा यांच्यातला दुवा, कारण हे काम मी स्वतः दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये काही वर्षं केलंय त्यामुळे माझं लक्ष आपोआप त्या डेस्ककडेच जातं.

मुलगी लहान होती, पंचविशीतली असेल, पण पक्की. विम्याची पॉलिसी बघून सरळ म्हणाली, "काकू, डिलक्स रूम नका घेऊ, तुमची रूम रेंटची लिमिट कमी आहे, वरचा फरक नुसता रूमचा नाही पडणार, डॉक्टरांची फी, ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटरचा चार्ज, सगळ्यातून विमावाले त्याच प्रमाणात कापतील, औषधं आणि इम्प्लांट म्हणजे बसवायचा कृत्रिम सांधा सोडून. ट्विन शेअरिंग घ्या." आता हे सांगितल्याने हॉस्पिटलचं नुकसानच आहे, आणि वरून तिला कोणी शाबासकी देणार नाही हे मला चांगलं माहितीये. इम्प्लांटचं पण नीट सांगितलं, की 2017 पासून गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतीवर सरकारी मर्यादा आहे आणि त्याचे स्टिकर फाइलला लागलेत का ते आम्ही बघतो, नाहीतर टीपीए, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणारी एजन्सी, क्वेरी (शंका) टाकतो.

मग आला डिस्चार्जचा दिवस. डॉक्टर सकाळी नऊला राउंडला आले, "आज घरी" म्हणाले, आणि सासरे साडेनऊला बॅग भरून खुर्चीत! मी म्हटलं बाबा चहा घ्या, अजून काहीच झालेलं नाही. आरएमओ (वॉर्ड सांभाळणारे निवासी डॉक्टर) ओटीत म्हणून डिस्चार्ज समरी टाइप व्हायची राहिली, मग उरलेली औषधं फार्मसीला परत, मग बिलिंग, मग टीपीए डेस्क, मग विमा कंपनीची क्वेरी की बीपी कधीपासून आहे. लोक म्हणतात 2024 पासून तीन तासांत फायनल मंजुरी द्यायचा नियम आहे ना, आहे, पण तो वेळ हॉस्पिटलने कागद पाठवल्यावर सुरू होतो, डॉक्टर "घरी जा" म्हणाल्यावर नाही. आमचे कागदच गेले दुपारी दोननंतर. घरी पोचेपर्यंत दिवेलागण झाली.

या सगळ्यात शेजारच्या पेशंटचा मुलगा त्या पोरीवर इतका ओरडला की वॉर्डातले कामाचे मामा आणि मावशी पण थांबून बघायला लागले. तिच्या हातात काय होतं? समरी तिची नाही, बिल तिचं नाही, मंजुरी तिची नाही. आणि आरएमओमुळे अडलंय असं पेशंटला सांगायचं नसतं. तिकडून फ्लोअर मॅनेजरचा फोन, कॅज्युअल्टीत पेशंट थांबलाय, बेड कधी रिकामा होतोय. डबा तिने उघडून परत बंद केलेला मी बघितला.

या नोकरीत पगार म्हणाल तर पुण्यात रूम आणि मेस भागते, दिवाळीत ड्युटी ठरलेली. पण माणसं जोडली जातात हे खरं, मी काम सोडलं तरी बार्शीकडच्या एका आजोबांच्या घरून मला अजून फोन येतात, ताई हा रिपोर्ट कोणत्या डॉक्टरला दाखवू.

हॉस्पिटलचे दोन स्टार कापले ते दोन मजल्यांना एकच कोऑर्डिनेटर ठेवल्याबद्दल, आणि शिफ्ट बदलल्यावर हँडओव्हर तोंडी, नवीन आलेल्याने आम्हाला सगळं पहिल्यापासून विचारलं. ग्लोव्हज, किट वगैरे विम्यात बसत नाही हे पण शेवटी बिल हातात आल्यावर कळलं, ते ॲडमिशनलाच लिहून द्यायला काय जातं?

कुणी जाणार असाल तर बीपी-शुगरची जुनी प्रिस्क्रिप्शनं पहिल्याच दिवशी फाइलला लावा आणि औषधं आदल्या संध्याकाळीच परत करायला सिस्टरच्या मागे लागा. आम्ही दुसरा गुडघा पण इथेच करणार आहोत, फक्त डिस्चार्ज रविवारी येणार नाही असा वार बघून.