पर्वती परिसरातल्या शाळेतील मोफत आरोग्य तपासणी : एका शिक्षिकेचा अभिप्राय

पुण्यातल्या पर्वतीच्या उतारावरील जनता वसाहतीतून आमच्या शाळेत येणाऱ्या बहुतेक मुलांना डॉक्टर भेटतात ते ताप चढल्यावरच. त्यामुळे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून २०१३ पासून मिळणारी, वर्षातून एकदा होणारी मोफत शालेय तपासणी मला फार मोलाची वाटते. पथकात दोन डॉक्टर, परिचारिका आणि औषधनिर्माता असतात. जन्मजात व्यंगे, आजार, पोषणातील कमतरता आणि विकासातील विलंब अशा चार गटांतील सुमारे ३० बाबी तपासाव्यात, अशी या कार्यक्रमाची आखणी आहे.

यातला डोळ्यांचा भाग मला सर्वांत आवडला. रांगेत मागे उभी असलेली मुले पुढच्याचे ऐकून तक्त्यावरची अक्षरे पाठ करतात, हे परिचारिकाताईंच्या लगेच लक्षात आले आणि त्यांनी ओळ उलटीकडून वाचायला लावली. तेव्हा पाचवीतला एक मुलगा, ज्याला आम्ही सगळे लिहिण्याचा कंटाळा करणारा समजत होतो, दुसऱ्याच ओळीवर अडखळला. फळ्यावरचे त्याला दिसतच नव्हते. डॉक्टरांनी प्रत्येक मुलाची खालची पापणी ओढून फिकेपणा पाहिला, दात पाहिले, उंची आणि वजन नोंदवले. लोहाची गोळी उपाशीपोटी न घेता खिचडी खाल्ल्यानंतर घ्यायची, हेही त्यांनी मुलांना समजेल अशा शब्दांत सांगितले.

अडचण सुरू होते ती पुढच्या उपचारांसाठी रुग्णालयात पाठवणारी संदर्भ चिठ्ठी हातात पडल्यावर. पुढचे उपचार मोफत असले, तरी रुग्णालयात जायचे तर सहकारनगरात चार घरची धुणीभांडी करणाऱ्या आईचा खाडा होतो आणि अशा एका खाड्याने महिन्याचा हिशोब बिघडतो. घरी नुसती चिठ्ठी पाठवून भागत नाही. शाळेतील कोणीतरी आईशी बोलून, तिला सोयीचा दिवस ठरवून, शक्य असेल तर सोबत गेले, तरच मूल तिथवर पोहोचते. हे काम करणारे माणूस शाळेत नसेल, तर चांगली तपासणीही नोंदवहीतच राहते, असे मी जबाबदारीने म्हणते.

मनाच्या बाबतीत मात्र ही सेवा मला अपुरी वाटते. तपासणीच्या यादीत स्वमग्नता, अध्ययन अक्षमता आणि अतिचंचलता आहेत. भीती, नैराश्य, घरातल्या भांडणाचा ताण यांना तिच्यात स्वतंत्र जागा नाही. सातवीतल्या एका मुलीच्या पोटात रोज सकाळी दुखायचे. तपासणीत काही आढळले नाही, पण डॉक्टर मॅडमनी तिला बाजूला घेऊन “घरी कोण कोण असतं गं, बाळा?” असे विचारले आणि ती रडू लागली. दारू पिऊन येणाऱ्या वडिलांमुळे रात्र रात्र तिचा डोळा लागत नव्हता. ताणामुळे मुलांचे पोट खरोखर दुखते, ते ढोंग नसते, हे त्या दिवशी मॅडमनी तिच्या आईलाही सांगितले. एवढा वेळ प्रत्येक मुलाला देणे रांगेत शक्य नसते आणि वर्गात आडोसाही नसतो, म्हणून निदान एक पडदा आणि एक रिकामी खोली शाळांनी आधीच तयार ठेवावी.

तपासणीनंतरच्या काळासाठी १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेचा क्रमांक आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या या सेवेवर विनामूल्य आणि मराठीतूनही बोलता येते. मात्र एका खोलीच्या घरात, वडिलांच्या मोबाईलवरून, सगळ्यांच्या कानांदेखत मूल काय बोलणार? संकटातल्या मुलांसाठीच्या १०९८ या क्रमांकाबाबतही हाच प्रश्न येतो. म्हणून शाळेच्या दूरध्वनीवरून, शिक्षकाने दार ओढून बाहेर थांबून, मुलाला असा फोन करू द्यावा, अशी माझी मुख्याध्यापकांना विनंती आहे.

पालकांनी संमतीपत्रावर न घाबरता सही करावी. तपासणीचा दिवस शाळेत आधी विचारून घ्यावा, मुलाची झोप, भूक आणि शाळेत न जाण्याचा हट्ट यांविषयी वर्गशिक्षकांना लिहून कळवावे, आणि मिळालेली चिठ्ठी रेशनकार्डासोबत जपून ठेवावी.