गच्चीवरची हिरवळ आणि हिरवी भिंत: उन्हाळा-पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

गच्चीवर माती पसरून केलेली हिरवळ आणि भिंतीला लावलेल्या छोट्या कप्प्यांतली रोपं, या दोन्हींपैकी एकच करायचं असेल, तर आधी गच्ची करा. पाहुणे फोटो भिंतीचेच काढतात, पण घराला खरा उपयोग झाला तो गच्चीचा.

आमचं पुण्यातलं जुनं बैठं घर. उन्हाळ्यात रात्री जेवणं झाली तरी स्लॅबची धग खोलीत उतरत राहायची. यंदा मे महिन्यात भर दुपारी वरच्या मातीत बोट खुपसलं तर गार लागत होतं, आणि दोन पावलांवरच्या उघड्या कोब्यावर अनवाणी उभं राहवत नव्हतं. खालच्या खोलीत हा फरक संध्याकाळनंतर स्पष्ट कळतो.

पण आधी वजनाचं बघा. साधी माती भिजली की घनमीटरला दीड ते दोन टन भरते. म्हणजे नुसता १० सेंमीचा थर चौरस मीटरला १५० ते २०० किलो झाला. वावरायच्या सपाट गच्चीसाठी आयएस ८७५ या इमारतींवरच्या भारांच्या भारतीय मानकात धरलेला वापराचा भार चौरस मीटरला साधारण १५० किलोच आहे, आणि त्यात माणसंही आली. स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय एक घमेलंही वर चढवू नका. आम्ही कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), गांडूळखत, परलाइट (हलके पांढरे खनिज दाणे) आणि थोडीच माती असं हलकं मिश्रण घेतलं. कोकोपीट हळूहळू कुजून खाली बसतं, त्यामुळे पावसाळ्यानंतर वरून भर घालावी लागते.

मातीखाली काय आहे, यावर सगळं अवलंबून आहे. कोब्याच्या भेगा भरून वॉटरप्रूफिंग करून घेतलं, मग पाईपाचं तोंड बंद करून ४८ तास गच्चीत पाणी साठवून ठेवलं आणि खाली छताला कुठे ओल येते का ते पाहिलं. हे पाणी भरणं कंत्राटदार टाळू पाहतात. अजिबात ऐकू नका, कारण एकदा माती पडली की गळती शोधणं महाकठीण. त्यावर मुळं अडवणारा जाड प्लास्टिकचा कागद, पाणी निथळायला खळग्यांची शीट, माती अडवणारं कापड आणि शेवटी मिश्रण. कठड्यालगत आणि पाण्याच्या तोंडाशी नुसती खडी.

युरोपात अशा छतांवर सेडम ही जाड पानांची, कमी पाण्यावर जगणारी बुटकी रोपं लावतात. आपल्या पावसात मला त्याचा भरवसा वाटला नाही. चिनी गुलाब, रिओ, रेन लिली आणि दुर्वा मात्र झकास टिकल्या. जोराची सर आली की पाईपातून पाणी उशिरा पडायला लागतं आणि पाऊस थांबल्यावरही बराच वेळ ठिबकत राहतं. पक्ष्यांच्या विष्ठेतून पिंपळ उगवतो. दोन पानांचा असतानाच उपटायचा.

आता भिंत. पश्चिमेची आहे. सांगाडा भिंतीपासून दोन इंच सुटा ठेवला, त्यामुळे आतल्या खोलीत ओल आली नाही. पण तिला रोज बघावं लागतं. छोट्या कप्प्यांत माती मूठभर, ती लगेच सुकते. ठिबकचं पाणी खाली झिरपतं, म्हणून वरची ओळ तहानलेली आणि खालची सतत ओली. स्पायडर प्लांट वर आणि फर्न खाली नेल्यावर दोन्ही सावरली. बोअरचं पाणी जड असेल तर ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा क्षार जमतो आणि एखादी ओळ गुपचूप कोरडी पडते. व्हिनेगरमध्ये भिजवले की ड्रिपर मोकळे होतात. दमट दिवसांत पिठ्या ढेकूण येतो. कडुनिंबाचं तेल फवारून आटोक्यात राहिला, पण पानांच्या बेचक्यांत डोकावत राहावं लागतं. तळाच्या पन्हळीत पाणी साचू देऊ नका. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचाच.

टाइमर आहे, तरी उन्हाळ्यात गावाला जाताना शेजारच्या काकूंकडे किल्ली ठेवतो. मे महिन्यात दोन दिवस पाणी चुकलं तर वरची ओळ गेलीच समजा. गच्चीचं तसं नाही. तिथली रोपं कोमेजतात आणि पाणी मिळालं की पुन्हा उभी राहतात. गच्चीचा उरलेला भाग पुढच्या उन्हाळ्याआधी करून घेणार आहोत. भिंत आहे तेवढीच ठेवणार.